रेझिलोजचं नेमकं झालं काय?

प्रश्न थोडक्यात असा: स्कॉटलंडला शिकायला गेलेल्या मुलाने तिथल्या जुन्या रेकॉर्डींच्या दुकानातून ‘कान्ट स्टँड द रेझिलोज’ ही १९७८ची एलपी घेऊन घरी पाठवली. ऐकली, आवडली, पण या मंडळींचं नाव कधी कानावर आलेलं नव्हतं. हे पंक की पॉप? इतकी चांगली गाणी करणारे लोक एका अल्बमनंतर गेले कुठे? आणि रेकॉर्ड ठेवण्यासारखी आहे की विकून टाकावी?

जुन्या रेकॉर्डींच्या खरेदी-विक्रीत माझी बरीच वर्षं गेली आणि १९७६ ते १९८२ या काळातला ब्रिटिश माल हा माझा मुख्य धंदा. त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो, मग तपशिलात शिरतो. हा पॉप बँड होता. पंकच्या, म्हणजे १९७६-७७च्या वेगवान, खरखरीत, बंडखोर रॉकच्या लाटेवर आला, पंकच्या वेगाने वाजला, पंकच्याच पोरांपुढे उभा राहिला. पण गाण्यांची बांधणी साठच्या दशकातल्या पॉपची. आणि तो हरवला वगैरे काही नाही. बँडचे सरळ दोन तुकडे झाले. एका तुकड्याकडे चेहरे गेले, दुसऱ्याकडे गाणी गेली. ज्याच्याकडे गाणी होती, त्याचं पुढचं एक गाणं तुम्ही नक्की ऐकलेलं आहे. लग्नाच्या डीजेकडे, विमानतळावर, कुठल्यातरी जाहिरातीत, कुठे ना कुठे.

गिऱ्हाईक रेकॉर्ड हातात घेतं तेव्हा कव्हर बघतं. मी रेकॉर्ड बाहेर काढून मधलं गोल लेबल आधी बघतो, आणि त्यातही गाण्याच्या नावाखाली कंसात बारीक अक्षरात छापलेलं गीतकाराचं नाव. बँड कशाने टिकला आणि कशाने मोडला हे पुष्कळदा तिथेच कळतं. तुमच्या एलपीवर तेच करून बघा. उसनी गाणी सोडली तर बहुतेक ठिकाणी एकच नाव दिसेल: कॅलिस. ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एडिनबरा. १९७६ साली ब्रिटनमधला संगीताचा सगळा कारभार लंडनमधून चाले. कंपन्या तिथे, संगीताची साप्ताहिकं तिथे, बीबीसीचा टीव्ही स्टुडिओ तिथे. एडिनबराच्या आर्ट कॉलेजातली काही पोरं नट्सफर्ड डॉमिनेटर्स नावाने पन्नास-साठच्या दशकातली जुनी रॉक अँड रोल गाणी वाजवत. त्यात गिटारवर कॅलिस होता (पहिलं नाव जो) आणि गायला अ‍ॅलन फोर्ब्स, म्हणजे पुढचा यूजीन रेनॉल्ड्स. त्यातूनच रेझिलोज उभा राहिला. नाव उचललं डीसीच्या ‘द शॅडो’ या कॉमिकमधल्या एका अड्ड्याच्या पाटीवरून आणि जरा फिरवलं. पहिला कार्यक्रम झाला नोव्हेंबर १९७६मध्ये, एडिनबरातच. सेक्स पिस्टल्स या लंडनच्या गाजलेल्या पंक बँडचा पहिला सिंगल, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी रेकॉर्ड, बाजारात आला तोही याच महिन्यात. म्हणजे यांनी पंक ऐकून बँड काढला असं नाही. हे आधीच आपल्या नादात जोरजोरात वाजवत होते, तेवढ्यात पंक आला आणि त्याचा प्रेक्षक यांना आयता मिळाला.

प्रत्येकाने रंगमंचासाठी एकेक थट्टेचं नाव घेतलेलं. शीला हाइंडची फे फाइफ झाली, कारण ती फाइफ परगण्याची. कॅलिस झाला ल्यूक वॉर्म. दुसऱ्या गिटारवर हाय-फाय हॅरिस, बासवर डॉ. डी. के. स्माइथ, ड्रमवर एंजल पॅटरसन, सॅक्सोफोनवर विल्यम मिस्टीरियस, आणि फेच्या साथीला गेल वॉर्निंग नावाची गायिका. एवढा मोठा ताफा पंकच्या चार टाळक्यांच्या हिशेबात कुठेच बसत नाही. साठच्या दशकातल्या नाचगाण्याच्या बँडचा हा थाट. १९७७ सरेपर्यंत हॅरिस, स्माइथ आणि वॉर्निंग गळाले, मिस्टीरियसने बास हातात घेतला आणि ताफा पाचांवर आला. हा मिस्टीरियस, खरं नाव अ‍ॅलस्टर डोनाल्डसन, सिली विझर्ड या स्कॉटिश लोकसंगीताच्या बँडमध्येही वाजवलेला. अल्बमवरचा बास नीट ऐका. पंकमध्ये बासवाले बहुधा एकच सूर ठोकत बसतात. हा माणूस गाण्याखालून स्वतःची वेगळी चाल वाजवत जातो.

दिसायचे कसे? पंक म्हटलं की फाटका टी-शर्ट आणि सेफ्टी पिना डोळ्यांपुढे येतात. इथे फे फाइफ चकचकीत प्लास्टिकच्या मिनी ड्रेसमध्ये, यूजीन काळ्या चष्म्यात, आणि विषय उडत्या तबकड्या, शुक्र ग्रह, इसवी सन २०००. जुन्या विज्ञानकथांच्या मासिकांतून उतरल्यासारखी मंडळी. लंडनच्या संगीत समीक्षकांना ही गंमत वाटे, पण गंमत करणाऱ्यांना गंभीरपणे घ्यायची त्यांची तयारी नसे. बेकारी आणि राणीवर गाणाऱ्याला मान होता, उडत्या तबकड्यांवर गाणाऱ्याला नव्हता. हा दुजाभाव मला आजही पटत नाही. १९७६मध्येच अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावी, बी-५२ज नावाचा बँड निघाला. तोच साठच्या दशकाचा सोस, तेच परग्रहांचं वेड, तेच बाई-बुवांच्या आवाजांचं मिश्रण. दोघांनी एकमेकांना न बघता जवळजवळ एकच कल्पना काढली होती. बी-५२ज टिकले आणि १९८९मध्ये ‘लव्ह शॅक’पर्यंत पोचले. रेझिलोज टिकले नाहीत. का, ते पुढे सांगतो.

त्याआधी एडिनबराच्या बाजाराबद्दल दोन शब्द. ब्रूस फिंडलेच्या ‘ब्रूसेस’ या रेकॉर्डच्या दुकानातून झूम नावाचं लेबल निघालं आणि त्याने व्हॉल्व्ज या स्थानिक बँडचा सिंगल काढला. हाच फिंडले पुढे सिंपल माइंड्स या स्कॉटिश बँडचा व्यवस्थापक झाला. लेनी लव्ह हा रेकॉर्ड कंपनीसाठी स्कॉटलंडमध्ये प्रचाराचं काम करणारा माणूस. त्याने सेन्सिबल नावाचं लेबल काढलं ते रेझिलोजसाठी. आणि रेझिलोजबरोबर दौऱ्यावर फिरून त्यांची व्यवस्था बघणारा एक बॉब लास्ट होता. त्यानेही फास्ट प्रॉडक्ट नावाचं स्वतःचं लेबल सुरू केलं. मेकॉन्स, गँग ऑफ फोर आणि शेफील्डचा सिंथेसायझरवाला ह्यूमन लीग या बँडांच्या पहिल्या रेकॉर्डी त्याच्या. ग्लासगोत त्या सुमारास नगरपालिकेच्या रोषामुळे पंकला सभागृहं मिळणं कठीण झालं होतं आणि तिथली पोरं कार्यक्रमाला पेझ्लीला जात. एडिनबरा त्या मानाने मोकळं होतं. बॉब लास्ट हे दुसरं नाव लक्षात ठेवा.

सेन्सिबल लेबलवर ऑगस्ट १९७७मध्ये पहिला सिंगल आला, क्रमांक एफएबी १. एका बाजूला ‘आय कान्ट स्टँड माय बेबी’, दुसऱ्या बाजूला बीटल्सच्या लेनन-मॅकार्टनींचं ‘आय वॉना बी युवर मॅन’. ही जोडी मला फार बोलकी वाटते. ‘बेबी’ हा पॉपमधला सर्वांत झिजलेला शब्द. त्याच्या भोवती हजारो प्रेमगीतं लिहून झालेली. कॅलिसने तोच घेतला आणि प्रेमाऐवजी वैताग भरला. आणि मागच्या बाजूला बीटल्सनी रोलिंग स्टोन्सना दिलेलं १९६३चं गाणं, दुप्पट वेगात. पुढे पंक, मागे पॉप असं वरवर दिसतं, पण दोन्ही लागोपाठ ऐकलीत तर कॅलिसचं गाणं लेनन-मॅकार्टनीच्या गाण्याइतकंच नेटकं बांधलेलं आहे हे कळतं. छोटा अंतरा, लगेच मुखडा, एक आडवळण, पुन्हा मुखडा, संपलं.

या सिंगलमुळे न्यूयॉर्कच्या सायर रेकॉर्ड्सचं लक्ष गेलं. सायर म्हणजे सीमोर स्टाइनची कंपनी. रमोन्स आणि टॉकिंग हेड्स हे न्यूयॉर्कचे बँड तिच्याकडेच. सायरवरचा पहिला सिंगल होता ‘माय बेबी डझ गुड स्कल्प्चर्स’. प्रेयसीचं कौतुक कशासाठी, तर ती शिल्पं चांगली करते म्हणून! आर्ट कॉलेजाबाहेर हे गाणं कोणाला सुचलं नसतं. मग अल्बमसाठी सगळ्यांना न्यूयॉर्कला नेलं. पॉवर स्टेशन हा स्टुडिओ तेव्हा अगदी नवा होता. कॉन एडिसन या वीज कंपनीच्या जुन्या इमारतीत टोनी बोंजोव्हीने तो उभारला होता. बोंजोव्हीने रमोन्सच्या रेकॉर्डींवर काम केलेलं. त्याच्याबरोबर बॉब क्लिअरमाउंटन हा तरुण इंजिनिअर, जो पुढच्या दशकात ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘बॉर्न इन द यूएसए’चं मिक्सिंग करणार होता. म्हणून तुमच्या एलपीचा आवाज त्या वर्षीच्या बहुतेक ब्रिटिश पंक रेकॉर्डींसारखा बसका नाही. ड्रम खणखणीत, आवाज पुढे, गिटार जाड पण स्वच्छ. काही जुन्या चाहत्यांना हा आवाज फार घासूनपुसून काढलेला वाटतो आणि ते सेन्सिबलच्या सिंगलची शपथ घेतात. ‘आय कान्ट स्टँड माय बेबी’ अल्बमसाठी पुन्हा रेकॉर्ड केलं गेलं. त्या एका गाण्यापुरतं मला त्यांचं म्हणणं मान्य आहे, सिंगलवरचं उजवं. बाकी अल्बम न्यूयॉर्कला झाला ते बरंच झालं.

रेकॉर्डिंग लवकर झालं, पण रेकॉर्ड दुकानात यायला उशीर झाला. सायरचा माल ब्रिटनमध्ये फोनोग्रामकडून वितरित होत असे. नेमकं याच वेळी तो करार संपून काम वॉर्नरकडे गेलं. हा बदल हातात धरून बघता येतो. ‘गुड स्कल्प्चर्स’च्या सिंगलवर फोनोग्रामच्या पद्धतीचा, ६०७८ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक आहे, पुढच्या सिंगलवर एसआयआर ४००१. दोन सिंगलांच्या मध्ये एक अख्खी कंपनी बदलली. पंकच्या काळात हे महिने मौल्यवान होते. जानेवारी १९७८मध्ये सेक्स पिस्टल्स फुटले, बाजाराची चव दर काही आठवड्यांनी पालटत होती, आणि यांचा तयार अल्बम कागदपत्रांसाठी अडकून पडला. अखेर जुलै १९७८मध्ये तो आला आणि ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत सोळाव्या क्रमांकापर्यंत चढला. पहिल्याच अल्बमला हे यश लहान नव्हे.

अल्बमवर तेरा गाणी आहेत आणि त्यातली तीन उसनी. उसन्यांवरून आवडीनिवडी लगेच कळतात: डेव्ह क्लार्क फाइव्हचं ‘ग्लॅड ऑल ओव्हर’, गेरी अँड द पेसमेकर्सचं ‘आय लाइक इट’, दोन्ही १९६३च्या पॉपची गोजिरवाणी गाणी. तिसऱ्याची गोष्ट मजेशीर आहे. ‘समबडीज गॉना गेट देअर हेड किक्ड इन टुनाइट’ या मारामारीच्या गाण्याला लोक पंकचंच समजतात. मुळात ते फ्लीटवुड मॅक या तेव्हाच्या ब्लूज बँडचं आहे! १९६९च्या ‘मॅन ऑफ द वर्ल्ड’ या त्यांच्या हळुवार सिंगलच्या मागच्या बाजूला जेरेमी स्पेन्सरने जुन्या रॉक अँड रोलची नक्कल म्हणून ते टाकलं होतं, तेही अर्ल व्हिन्स अँड द व्हॅलियंट्स या खोट्या नावाने. रेझिलोजनी ती थट्टा उचलली आणि इतक्या जोमाने वाजवली की ते गाणं कायमचं त्यांचंच झालं.

मूळ गाण्यांत मला ‘फ्लाइंग सॉसर अटॅक’ सर्वांत आवडतं. पहिल्या बाजूचं पहिलंच गाणं. सुई टेकली की दोन-चार सेकंदांत तुम्ही आत. फे आणि यूजीन ओळी एकमेकांकडे फेकत जातात, आणि कॅलिसची गिटार मुखड्याआधी नेमकी क्षणभर थांबते. हेच नाव नव्वदच्या दशकात ब्रिस्टलच्या एका अगदी वेगळ्या, धूसर आवाजाच्या बँडने घेतलं. दुसऱ्या बाजूची शेवटची दोन गाणी, ‘कोल्ड वॉर्स’ आणि ‘बॅड गाय रिअ‍ॅक्शन’, शांतपणे ऐका. तिथे थट्टा मागे सरते आणि कॅलिसला चाल बांधायची किती जाण आहे ते उघडं पडतं. ‘टू थाउजंड एडी’ आणि ‘नो’ मला सामान्य वाटतात. कार्यक्रमात चालत असतील, रेकॉर्डवर भरतीची आहेत.

सिंगल म्हणून निवडलं गेलं ‘टॉप ऑफ द पॉप्स’. हे नाव आज नीट सांगावं लागतं. बीबीसीवर दर गुरुवारी संध्याकाळी त्या आठवड्याच्या लोकप्रिय गाण्यांचा याच नावाचा कार्यक्रम असे. आपल्याकडे रेडिओवरच्या बुधवारच्या बिनाका गीतमालेला जे स्थान होतं, तेच ब्रिटिश घरांत त्याला. तिथे दिसलं की दुसऱ्या दिवशी दुकानात विक्री वाढायची, इतकं सरळ गणित. क्लॅश या पंक बँडने तत्त्व म्हणून तिथे जायला नकार दिला होता. रेझिलोजनी या कार्यक्रमावरच टीका करणारं गाणं लिहिलं: पडद्यावर काय दाखवतात याला महत्त्व नाही, खपतं काय आणि विकत काय घ्यायचं एवढं कळलं की झालं, असा त्याचा सूर. मग ते गाणं विकलं गेलं, यादीत चढलं, आणि बीबीसीने त्यांना त्याच कार्यक्रमात बोलावलं. ते गेले, तिथेच उभं राहून तेच गाणं म्हणून आले, आणि गाणं सतराव्या क्रमांकाला पोचलं. कार्यक्रमवाल्यांना टोमणा कळला नाही की कळूनही चालला, हे तेच जाणोत. बहिष्कार टाकून जेवढं साधलं असतं त्याहून मला हे जास्त धारदार वाटतं. त्या कार्यक्रमाचं चित्रीकरण आज इंटरनेटवर सापडतं. जरूर बघा, फेचा चेहरा बघण्यासारखा आहे. मुखडा म्हणताना ती कॅमेऱ्याकडे असं बघते की ती खूश आहे की खिजवते आहे ते ठरवता येत नाही.

इथून पुढे वर जायचं की नाही? उलट झालं. अल्बमनंतर विल्यम मिस्टीरियस बाहेर पडला. त्याच्या जागी सायमन टेम्पलर नाव घेतलेला बासवाला आला. नोव्हेंबरच्या सुमारास ‘डेस्टिनेशन व्हीनस’ निघालं. गाण्यात दम होता, पण गाडी त्रेचाळिसाव्या क्रमांकावर अडली. आणि २३ डिसेंबर १९७८ला ग्लासगोच्या अपोलो थिएटरात त्यांनी शेवटचा कार्यक्रम केला. पहिल्या कार्यक्रमापासून मोजलं तर दोन वर्षं आणि थोडे दिवस. तो कार्यक्रम रेकॉर्ड करून १९७९मध्ये ‘मिशन अकम्प्लिश्ड... बट द बीट गोज ऑन’ नावाने अल्बम आला आणि बँड फुटलेला असतानाही तिसाव्या क्रमांकापर्यंत गेला. ‘बॉलरूम ब्लिट्झ’ आणि ‘थंडरबर्ड्स आर गो’ त्यावर आहेत. शेवटच्या रात्रीचा धिंगाणा ऐकायचा तर हाच.

का फुटले? कराराच्या गोंधळाने वेळ गेला हे खरं, समीक्षकांनी हलक्यात घेतलं हेही खरं. पण या दोन कारणांनी बँड दमतो, मोडत नाही. मोडला तो आत पडलेल्या फटीवरून, आणि ती फट कुठे होती ते फुटल्यावर कोण कोणाबरोबर गेलं यावरून दिसतं. यूजीन आणि फे एका बाजूला. कॅलिस, टेम्पलर आणि पॅटरसन दुसऱ्या बाजूला. म्हणजे पुढे उभे राहणारे दोघे इकडे, गाणी लिहिणारा आणि ताल धरणारे तिकडे. मी म्हटलं होतं ना, लेबलावरचा कंस बघा. ज्या बँडमध्ये लोकांना ओळखीचे चेहरे एकाचे आणि कंसातलं नाव दुसऱ्याचं, तिथे पैसा, मान आणि पुढची दिशा हे तिन्ही प्रश्न एकदमच उभे राहतात. गाण्याच्या हक्काचे पैसे ज्याचं नाव कंसात त्याला मिळतात, टाळ्या मात्र पुढच्यांना. रेझिलोजमध्ये नेमकं कोण कोणाला काय बोललं ते माझ्या हिशेबात नाही. पण धंद्यात इतके बँड याच जागी फुटलेले पाहिले की मला नवल वाटलं नाही.

यूजीन आणि फे यांनी नाव एका अक्षराने बदलून रेव्हिलोज काढला. हाय-फाय हॅरिस परत आला, ड्रमवर रॉकी रिदम आला, मागे नाचत गाणाऱ्या मुलींचा ताफा आला. पोशाख पूर्वीपेक्षा भडक, रंगमंच पूर्वीपेक्षा गजबजलेला. ‘मोटरबाइक बीट’ हा सिंगल पंचेचाळिसाव्या क्रमांकापर्यंत गेला. यूजीनला मोटरसायकलींचं खरंच वेड, पुढे तो त्याच धंद्यात पडला. १९८०मध्ये व्हर्जिनच्या डिनडिस्क या उपकंपनीतून ‘रेव्ह अप’ हा अल्बम आला. तो मजेदार आहे, मी अधूनमधून लावतो. पण चारेक गाण्यांनंतर लक्षात येतं की पोशाख, नाच, आरोळ्या सगळं जागेवर आहे आणि मुखडा मात्र डोक्यात राहत नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांनी कंपन्या बदलत, माणसं बदलत निभावलं आणि मग थांबले.

इकडे कॅलिस, टेम्पलर आणि पॅटरसन यांनी ट्रॉय टेटला घेऊन शेक नावाचा बँड काढला. फारसं काही झालं नाही. आता बॉब लास्ट. तो एव्हाना ह्यूमन लीगचा व्यवस्थापक झाला होता, आणि १९८०च्या अखेरीस ह्यूमन लीगही फुटला. तिथे उलटा प्रकार: संगीत करणारे मार्टिन वेअर आणि इयन मार्श बाहेर पडून त्यांनी हेवन १७ काढला, आणि मागे राहिले गायक फिलिप ओकी आणि पडद्यावर स्लाइड दाखवणारा एड्रियन राइट. ओकीने शेफील्डच्या एका नाइटक्लबमधून सूझन आणि जोअ‍ॅन या दोन शाळकरी मुलींना आणलं. चेहरे जमले, गाणी लिहायला माणूस नाही. रेझिलोजच्या दुखण्याचा हा आरसाच. लास्टला औषध ठाऊक होतं. त्याने एडिनबराहून कॅलिसला आणून बसवलं.

कॅलिस गिटारवाला. इथे गिटार नको, सिंथेसायझर वाजव, असं ठरलं. स्टुडिओत निर्माता मार्टिन रशंट, ज्याने आधी बझकॉक्स आणि स्ट्रँगलर्सच्या रेकॉर्डी केल्या होत्या. म्हणजे खुर्चीवरचा माणूसही पंकच्याच शाळेतला. त्यातून १९८१मध्ये ‘डेअर’ हा अल्बम आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. ‘ओपन युअर हार्ट’वर ओकीबरोबर कॅलिसचं नाव आहे. आणि ‘डोन्ट यू वॉन्ट मी’वर कॅलिस, ओकी, राइट अशी तीन नावं. ओकीला हे गाणं अल्बममधलं सर्वांत दुबळं वाटत होतं, म्हणून ते दुसऱ्या बाजूच्या टोकाला टाकलेलं. सिंगल काढायलाही त्याचा विरोध होता. कंपनीने ऐकलं नाही. डिसेंबर १९८१मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिलं आलं आणि नाताळ ओलांडून पाच आठवडे तिथेच राहिलं. १९८२च्या उन्हाळ्यात अमेरिकेतही पहिलं. सोळावा आणि सतरावा क्रमांक बघून ज्याचा बँड संपला होता, तो तीन वर्षांत इथे पोचला.

हे ऐकून कोणी म्हणेल, सिंथेसायझरच्या या गाण्याचा उडत्या तबकड्यांशी काय संबंध? शब्द ओकीचे आहेत, ते त्याचं श्रेय. पण बांधणी ऐका. अंतरा संपल्यावर गाणं एकदम मुखड्यात उडी मारत नाही. आधी एक चढण येते, श्रोता मुखड्याची वाट बघू लागतो, आणि मग तो येतो. तुमच्या एलपीवरचं ‘टॉप ऑफ द पॉप्स’ त्याच कानाने ऐका. वेग दुप्पट, वाद्यं वेगळी, पण मुखड्यापर्यंत माणसाला ओढत नेण्याची हातोटी तीच. कॅलिस ह्यूमन लीगबरोबर ‘मिरर मॅन’, ‘फॅसिनेशन’ आणि ‘द लेबनॉन’पर्यंत राहिला. त्या शेवटच्या गाण्यात गिटार पुन्हा हातात आलेली ऐकू येते.

एक शेपूट. मार्च २०१४मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅबरडीन फुटबॉल क्लबने लीग कप जिंकला. त्यांचे चाहते आपल्या पीटर पॉलेट या खेळाडूच्या नावाने ‘डोन्ट यू वॉन्ट मी’चा मुखडा स्टेडियममध्ये गात असत. विजयानंतर सगळ्यांनी मूळ गाणं डाउनलोड केलं आणि तेहतीस वर्षांपूर्वीचं ते गाणं स्कॉटलंडच्या यादीत पहिलं आणि ब्रिटनच्या यादीत एकोणिसावं आलं. स्कॉटलंडने एडिनबरात घडलेल्या माणसाचं गाणं परत उचललं, आणि गाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याची कल्पना असेल.

रेझिलोज पुन्हा एकत्र आले ते २००१च्या अखेरीस, एडिनबराच्या नववर्षाच्या जल्लोषात. फे, यूजीन, कॅलिस आणि पॅटरसन. नंतर काही वर्षांनी कॅलिस पुन्हा बाजूला झाला, बाकीचे वाजवत राहिले, आणि २०१५मध्ये ‘झीरो’ नावाने दुसरा स्टुडिओ अल्बम आला. पहिला आणि दुसरा यांत सदतीस वर्षं. ‘झीरो’ प्रामाणिक आहे, फेचा आवाज अजून टणक आहे. पण आधी तो ऐकू नका. विल्यम मिस्टीरियस २०१३मध्ये वारला.

आता रेकॉर्डबद्दल. सोळाव्या क्रमांकापर्यंत गेलेली एलपी भरपूर छापली गेलेली असते, त्यामुळे ती दुर्मीळ नाही आणि विकून काही हाती लागणार नाही. ठेवा. लेबलावर के ५६५३० असा क्रमांक असेल तर ती वॉर्नरच्या वितरणातली ब्रिटिश छपाई. ‘द ऑलमोस्ट कम्प्लीट रेझिलोज’ या नावाने आलेल्या सीडीत हा अल्बम आणि शेवटच्या कार्यक्रमातली गाणी एकत्र मिळतात, रोज ऐकायला ती वापरा म्हणजे एलपी झिजणार नाही. आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. जून ते सप्टेंबर कागदी आतलं पाकीट ओल धरतं आणि खोबणींत पांढरी बुरशी बसते. ते कागदी पाकीट कव्हरमागे जपून ठेवा, रेकॉर्ड प्लास्टिकचं अस्तर असलेल्या पाकिटात घाला, आणि उभी ठेवा, आडवी रचू नका. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट असेल तर तिथे नकोच.

मुलगा अजून तिथेच असेल तर त्याला सांगा: ‘मिशन अकम्प्लिश्ड’ बरी अवस्था बघून आणि घासाघीस करून घे, ती परत परत दिसेल. सेन्सिबलचा एफएबी १ चांगल्या अवस्थेत दिसला, तर मात्र आधी खिशात हात घाल, भाव नंतर विचार.